शेंगाचटणी, पेंड आणि दूध: भेसळीच्या बातम्यांत न येणारं विष

दसरा-दिवाळी तोंडावर आली की बातम्या ठरलेल्या. कुठं बनावट खवा जप्त, कुठं टँकरभर दूध ओतून दिलं, कुठं पनीरच्या कारखान्याला सील. मग आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘घरच्या घरी भेसळ ओळखा’चे व्हिडिओ फिरतात. कुणी पनीरवर आयोडीन टाकून बघतं, कुणी ग्लासभर पाण्यात तिखट सोडतं. फराळ संपला की विषयही संपतो.

या सगळ्या गदारोळात एकच प्रश्न विचारला जातो: मिसळलं कुणी? त्याच्या शेजारचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: हा माल वाळवला कसा, ठेवला कुठं? आपल्या सोलापुरात शेंगाचटणी, ज्वारीची भाकरी आणि दूध-दही रोज ताटात असतं, तिथं मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण त्याचं उत्तर ना आयोडीनच्या थेंबात सापडतं, ना जिभेला कळतं.

भेसळ कशाला म्हणायचं, दूषण कशाला?

भेसळ माणूस करतो. पैशासाठी, जाणूनबुजून, काहीतरी घालतो किंवा काढून घेतो. दूषण आपलं आपण होतं: बुरशी, जंतू, कीटकनाशकाचा अंश, जनावराला टोचलेल्या औषधाचा दुधात उतरलेला भाग. तिथं आरोपी कुणी असेलच असं नाही, पण खाणाऱ्याच्या यकृताला त्यानं काही फरक पडत नाही.

कायदाही या दोन्हींकडे बघतो. १९५४ चा जुना अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. त्यात मालाचे तीन मुख्य कप्पे आहेत: असुरक्षित, कमी दर्जाचा आणि चुकीच्या लेबलचा. पाणी घातलेलं दूध बहुतेकदा दुसऱ्या कप्प्यात जातं. मर्यादेपेक्षा जास्त बुरशीचं विष असलेला शेंगदाणा पहिल्यात, मग ते विष कुणी घातलेलं असो वा नसो. बातमीत मात्र तिन्हींना सरसकट ‘भेसळ’ म्हणतात, आणि तिथूनच आपला घोळ सुरू होतो.

जसं माप, तशी भेसळ

आधी भेसळीचं थोडक्यात बघू. तिची रीत एकदा कळली की घरगुती चाचण्या कुठं कामाच्या आणि कुठं बिनकामाच्या हेही कळतं.

डेअरीच्या संकलन केंद्रावर दुधाचे पैसे फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, यांवर ठरतात. आपल्याकडं गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो. पाणी घातलं की दोन्ही आकडे पडतात. ते परत वर आणायला मग साखर येते, युरिया येतो, तेल येतं. ज्या मापावर पैसे मिळतात त्या मापालाच फसवायचं, एवढंच भेसळीचं शास्त्र. चीनमध्ये २००८ साली हेच झालं. प्रथिनांची नेहमीची चाचणी थेट प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजते. म्हणून दुधात मेलामाइन हे नायट्रोजननं भरलेलं रसायन घातलं गेलं. सहा बाळं दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. चाचणीचे आकडे मात्र छान येत होते.

पनीरचंही तेच. आयोडीन टाकल्यावर निळं झालं तर त्यात स्टार्च आहे, एवढंच कळतं. दुधाची मलई काढून पामतेल घातलेल्या पनीरवर आयोडीनचा रंग बदलणार नाही, आणि व्हिडिओ बघून चाचणी करणारा निश्चिंत होऊन भाजी टाकणार. वनस्पती तेलाचा असा पनीरसारखा पदार्थ, ज्याला अ‍ॅनालॉग म्हणतात, विकायला बंदी नाही. तो ‘पनीर’ म्हणून विकणं हा गुन्हा आहे.

लाल तिखटाची गंमत याहून वाईट. पाण्यात तिखट सोडलं आणि रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर पाण्यात विरघळणारा रंग सापडला. पण सुदान हा कपड्या-मेणाला लावायचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. २००५ साली ब्रिटनमध्ये याच रंगापायी शेकडो पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले, आणि शोध भारतातून गेलेल्या मिरची पावडरीपर्यंत पोचला. आपली चटणी लालभडक असावी हा हट्ट धरणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं. चांगली मिरची कुटली की रंग बरा येतो, भडक येतोच असं नाही.

आकडे काय सांगतात?

२०१८ साली देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं दुधाची मोठी पाहणी केली. ६,४३२ नमुने घेतले. खायला धोक्याची ठरावी अशी भेसळ किती नमुन्यांत सापडली? १२.

हे वाचून दूध स्वच्छ आहे असं म्हणायची घाई करू नका. त्याच पाहणीत ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ नावाचं बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश जास्त होते. याशिवाय फॅट-एसएनएफ कमी असलेले नमुने भरपूर होते. तो फसवणुकीचा आणि खिशाचा मामला आहे, विषाचा नाही.

१२ विरुद्ध ३६८. ज्याचे व्हिडिओ फिरतात ते बारांत, ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नाही ते तीनशे अडुसष्टांत.

हे विष येतं कुठून?

१९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या पटापट मेल्या. कारण लागेना. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत गेला. त्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही पिवळट-हिरवी बुरशी वाढली होती आणि तिनं सोडलेलं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. त्याचा सगळ्यात जहाल प्रकार बी-१. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग करणारं म्हणून पहिल्या गटात टाकलंय.

आपल्या देशानं याचा तडाखा १९७४ मध्ये खाल्ला. राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातेतलं पंचमहाल, या भागांत पावसात भिजलेला मका खाल्ल्यानं ३९७ लोकांना कावीळ झाली, त्यातले १०६ गेले. त्याच घरांतलं उरलंसुरलं खाणारी कुत्रीही मेली.

आता सोलापूर जिल्ह्याकडं बघा. जून-जुलै-ऑगस्ट कोरडे किंवा अर्धवट, आणि खरा पाऊस सप्टेंबरात. खरिपाच्या शेंगा तेव्हाच काढणीला आलेल्या असतात. दाणा भरताना जमिनीत ओल नसली की झाडाचा जोर कमी होतो, टरफलाला बारीक चिरा जातात आणि मातीतली बुरशी आत शिरते. वरून परतीचा पाऊस काढून टाकलेल्या शेंगांवर पडला की तिला हवं ते सगळं मिळालं. या बुरशीसाठी यापेक्षा सोयीचं हवामान मुद्दाम शोधूनही मिळायचं नाही.

शेंग नीट वाळली तर गोष्ट तिथंच थांबते. कानाशी धरून हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे. टरफलासकट ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास आला की बुरशीची वाढ थांबते. पण पुढं दोन ठिकाणी माती होते. एक, यंत्रात फोडायच्या आधी शेंगांवर पाणी शिंपडतात, म्हणजे दाण्याचे तुकडे कमी होतात आणि वजनही थोडं चढतं. दोन, ती पोती गोदामात थेट फरशीवर, भिंतीला टेकून रचतात. वाळलेल्या मालात परत ओल जाते. वजनासाठी मारलेलं ते पाणी ही भेसळ म्हणायची की दूषण? सुरुवात एकात आणि शेवट दुसऱ्यात.

ज्वारीचं काय, असं विचारणारे असतील. रब्बीची मालदांडी, मंगळवेढ्याकडची, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात काढली जाते म्हणून ती यातून बरीचशी सुटते. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी वेगळी. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत अशीच भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटात मुरडा आणि जुलाब झाले होते. तिथं बुरशी दुसरी होती, विषही दुसरं, फ्युमोनिसिन. स्वस्त मिळते म्हणून काळपट ज्वारी दळून आणायची नाही, एवढं पुरे.

शेंगदाण्याचं विष दुधात कसं पोचतं?

चांगला टपोरा दाणा निर्यातीला आणि किराण्याला जातो. निवडताना बाजूला पडलेला सुरकुतलेला, डागी, फुटका माल कुणी फेकत नाही. तो बहुधा तेलाला जातो. विषातला फार थोडा भाग तेलात उतरतो, बाकीचा पेंडीत राहतो. पेंड जाते गोठ्यात. सरकी पेंडीचीही हीच तऱ्हा, ती पावसाळ्यात गच्च बांधलेल्या पोत्यात तापते आणि जाळी धरते.

गायीनं बी-१ खाल्लं की तिचं यकृत त्याचं एम-१ करतं आणि त्यातला साधारण एक ते तीन टक्के भाग दुधात येतो. एम-१ हे बी-१ पेक्षा सौम्य, पण दूध सगळ्यात जास्त कोण पितं ते आठवा. पेंड खाल्ल्यापासून दिवसाभरात ते दुधात दिसू लागतं. चांगली गोष्ट अशी की बुरशीची पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध निवळतं. म्हणजे उपाय डेअरीच्या प्रयोगशाळेत नाही, गोठ्याच्या कोपऱ्यातल्या त्या पोत्यात आहे. पण शेतकऱ्याला पैसे फॅटवर मिळतात, एम-१ कमी असल्याचे कुणी देत नाही. महागाची पेंड शिळी झाली म्हणून ती उकिरड्यावर टाक, असं त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

‘भाजलं, उकळलं की मरतं ना?’

बुरशी मरते. तिनं आधीच सोडलेलं विष राहतं. अफ्लाटॉक्सिन मोडायला दोनशे अंशांच्या वरचं तापमान लागतं. कढईत शेंगदाणे भाजल्यानं ते काही प्रमाणात घटतं, संपत नाही. दूध उकळल्यानं तर जवळपास काहीच होत नाही, पाश्चरीकरणानंही नाही. ताक, दही, खवा काहीही करा, ते त्यात येतंच.

उकळण्याचा फायदा जंतूंपुरता, आणि तो मोठा आहे. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, घरोघर टाक्या-पिंपं भरून ठेवावी लागतात, तिथं जुलाब-टायफॉईडपासून वाचवायला उकळणं आणि क्लोरीन यांना पर्याय नाही. फक्त एका रोगाचं औषध दुसऱ्याला लागू पडेल असं समजू नका.

‘आमचे आजोबा रोज चटणी खाऊन नव्वद वर्षं जगले’

जगले असतील. हे विष पोटात गेलं आणि माणूस आडवा पडला असं क्वचित होतं, १९७४ सारखं भरमसाठ गेलं तरच. एरवी ते थोडं थोडं, वर्षानुवर्षं यकृतावर काम करतं आणि सगळ्यांवर सारखं नाही. ज्याच्या शरीरात हेपॅटायटिस बीचा विषाणू आहे त्याला यकृताच्या कर्करोगाचा धोका या विषामुळं इतरांच्या सुमारे तीसपट होतो. म्हणून बाळाला जन्मल्यावर सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी हेपॅटायटिस बीची लस हा अन्नातल्या बुरशीवरचाही इलाज आहे. शेंगा निवडण्याइतकाच, किंबहुना जास्त.

मर्यादा किती बारीक आहे तेही बघा. आपल्याकडं पुढं प्रक्रिया करायच्या शेंगदाण्याला किलोमागं १५ मायक्रोग्रॅम चालतं, म्हणजे अख्ख्या टनात १५ मिलीग्रॅम. चिमूटभर मीठ याच्या कितीतरी पट भरतं. दुधातल्या एम-१ ची आपली मर्यादा किलोमागं अर्धा मायक्रोग्रॅम आहे, युरोपची त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी. युरोपात सगळं विषमुक्त आणि आपल्याकडं सगळं विषारी, असा त्याचा अर्थ नाही. पण निर्यातीच्या मालाला एक चाळण आणि घरच्या बाजाराला दुसरी, हे मला पटत नाही.

‘आम्ही लाकडी घाण्याचंच तेल खातो’

चवीला उत्तम, वाद नाही. फक्त ‘घाण्याचं म्हणजे बिनधोक’ हे समीकरण चुकीचं आहे. रिफाइंड तेल बनवताना क्षाराची प्रक्रिया होते, तिच्यात हे विष निघून जातं. घाण्याच्या तेलात दाण्याचे बारीक कण राहतात आणि कणांबरोबर विषही राहू शकतं. त्यामुळं घाणेवाल्याला तेलाचा भाव विचारण्याआधी कुठला दाणा घातला ते बघा. पोतं उघडून दाखवायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊ नका.

रेशनच्या तांदळातले ते वेगळे दाणे

जाता जाता एक उलटं उदाहरण. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून ओरड होते. ते दाणे तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून बनवलेले असतात, साधारण शंभर दाण्यांत एक. निवडून टाकू नका. प्लॅस्टिक तांदळापेक्षा स्वस्त नाही, हा साधा हिशेबही ती अफवा मारायला पुरेसा होता.

घरात नेमकं काय करायचं?

शेंगदाणे अख्खे घ्या, तयार कूट घेऊ नका. कूट झालं की बघायला काही उरत नाही, आणि चटणीत तर तिखटाचा लाल रंग सगळं झाकून टाकतो. ताटात पसरून निवडायला बसा. हे विष पोतंभर सारखं पसरलेलं नसतं. मोजक्या दाण्यांत ते खच्चून भरलेलं असतं, आणि ते दाणे बरेचदा डोळ्याला कळतात: सुरकुतलेला, वजनाला हलका, सालीवर काळपट डाग, कोंब फुटलेला, किड्यानं पोखरलेला. संशय आला की दाणा सोलून दोन पाकळ्या वेगळ्या करा. बुरशी पुष्कळदा आतल्या खोबणीत लपते, राखाडी-हिरवी भुकटी लावल्यासारखी. वरून दाणा अगदी गुलाबी. तोंडात टाकलेला दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंका. भाजल्यावर साल न सुटणारे, पिवळे-तपकिरी पडलेलेही बाजूला काढा. असे निवडून बाजूला काढलेले खराब दाणे गायीला घालू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात.

खवट आणि कुबट यांत मात्र गल्लत नको. खवट म्हणजे तेल जुनं झालं, चव गेली. कुबट म्हणजे ओल लागली. खवट चटणी फार तर बेचव, कुबट चटणी टाकूनच द्यायची. उखळात कुटून तेल सुटलेली चटणी पावकिलोनं घ्यावी, कोरड्या चमच्यानं काढावी. पाहुण्यांना पाठवायला म्हणून महिनाभर आधी डबे भरून ठेवायची आपली खोड सोडावी.

निवडण्यानं सगळं निघतं का? नाही. बरंचसं निघतं.

‘मग सरळ लॅबमध्ये तपासून घेऊ की’

घेता येतं, आणि हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे. कायद्याच्या कलम ४० नुसार कुणीही ग्राहक फी भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच: खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसं सांगायचं. माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानं नमुना घेतला तर त्याचे चार भाग करतात, अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो, आणि दुकानदाराला तो मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करून दुसऱ्या प्रयोगशाळेकडं जाता येतं. कारवाई लांबते ती अशी, प्रत्येक वेळी हप्तेबाजीच असते असं नाही.

अडचण शेंगदाण्याच्या बाबतीत वेगळीच आहे. हजारो दाण्यांत एखादाच विषानं भरलेला असेल तर अर्धा-एक किलोच्या नमुन्यात तो येईलच कशावरून? सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत चुकलेलं पोर एका पाळण्यापाशी दिसलं नाही म्हणून ते जत्रेतच नाही, असं कुणी म्हणत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत शेंगदाण्याच्या लॉटमधून जागोजागचा मिळून २० किलोचा नमुना घेतात, तो सगळा दळतात आणि मग त्यातला थोडा तपासतात. घरच्या पावकिलोचा अहवाल ‘ठीक’ आला तर तो त्या पावकिलोपुरता ठीक. दुधाचं सोपं आहे: ते ढवळलेलं असतं, कुठलाही लिटर घ्या.

तेव्हा वैयक्तिक तपासणीचा खर्च दुधावर, तिखटावर, पनीरवर करा. शेंगदाण्यासाठी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं, १८००२२२३६५ या फुकटच्या क्रमांकावर. नुसतं ‘भेसळ आहे’ म्हणू नका. पोती ओल्या फरशीवर आहेत, मालाला कुबट वास आहे, दुकानाचा परवाना क्रमांक अमुक, बिल जवळ आहे, असं सांगा. बिलाशिवायच्या तक्रारीत दुकानदार पहिल्याच वाक्याला ‘हा माल माझा नव्हेच’ म्हणून मोकळा होतो.